दहा घटकांचं पाणी

रंगनाथाच्या मनगटावर सासऱ्यानं दिलेलं घड्याळ चढलं आणि वस्तीवरची वेळच नासली, असं बनुबाईचं म्हणणं होतं. माणसानं घड्याळ बांधावं, त्याला कुणाची ना नाही. पण बांधलं म्हणून दर दोन शब्दांना बाही वर सारून ते बघू नये. हा जेवताना बघतो, बैलांना पाणी दाखवताना बघतो. भावकीत कोण गेलं म्हणून सांगावा आला, तरी आधी घड्याळ बघतो आणि मग ‘अरारा’ म्हणतो.

रंगनाथ तिचा धाकटा दीर. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या नाकाला शेंबूड आणि कमरेला करदोटा, एवढाच काय तो त्याचा संसार होता. हे ती चारचौघांत सांगायची, आणि तो चारचौघांत घड्याळ बघायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण विहीर दोघांत एक होती आणि विहिरीवरचं इंजिनही एक. कालवा वस्तीच्या खालच्या अंगानं राहात्याकडं निघून गेलेला. यांच्या वाट्याला त्याचं नुसतं दर्शन. म्हणून विहिरीचं पाणी चार तास बनुबाईच्या मळ्याला आणि चार तास रंगनाथाच्या. तास मोजायचे घड्याळानं, आणि घड्याळ रंगनाथाचं. बनुबाईच्या पाळीत ते उधळलेल्या घोड्यासारखं पळायचं, आणि रंगनाथाच्या पाळीत रुसलेल्या सुनेसारखं जागचं हलायचं नाही.

बनुबाईच्या नवऱ्यानं जाण्याआधीच्या पावसाळ्यात पेरूच्या दहा ओळी लावल्या होत्या. झाडं आता तिसऱ्या सालाला लागलेली, पहिला बहर धरायचा. त्यात दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलेलं. पाणी आठव्या ओळीत शिरलं की रंगनाथाची हाक यायची, “छगन, इंजिन माज्याकडं वळीव. तास भरले.” नववी आणि दहावी ओळ कोरडीच. छगन बनुबाईचा लेक, स्वभावानं गरीब गाय. “काका, आजून थोडं…” असं म्हणायचा, आणि काका घड्याळ त्याच्या नाकासमोर धरायचा. छगनला घड्याळ वाचता येत होतं, पण काकांचा हात एका जागी थांबत नसे.

“भाऊजी, आजचे चार तास लई बारके निघाले,” बनुबाई म्हणायची.

“वैनी, तास समदे सारखेच असत्यात.”

“मंग तुमच्या गव्हाला मोठं कसं निघत्यात?”

रंगनाथ हसायचा आणि घड्याळाला चावी देत निघून जायचा. दहाव्या ओळीची पानं मात्र कडेनं करपायला लागली होती. ती ओळ नवऱ्यानं शेवटची लावलेली. त्याच्या हातची माती अजून तिथं होती, असं तिला वाटायचं. कुणाला सांगितलं नाही.

अशात केशरचं पत्र आलं.

केशर तिची धाकटी लेक. जावई श्रीमंतराव बोअर घेणाऱ्या कंपनीत, आणि कंपनीनं त्यांना धाडलेलं लिबियाला, वाळवंटात पाणी शोधायला. “आपल्या घरची घागर रिकामी, आन् हे चालले दुसऱ्याच्या वाळूत झरे धुंडाया,” असं बनुबाई तेव्हाच बोलली होती. केशर नवऱ्याबरोबर गेली, तिला दिवस राहिले, आणि आता अवघडलेल्या अंगानं तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता.

“पयलं बाळंतपण माहेरचं,” बनुबाईनं छगनला सांगितलं. “लेकीला माहेरी येता येत न्हाई, तर माहेर लेकीकडं जाईल. दोन लुगडी काढ.”

कागदपत्रांत दीड महिना गेला. दुसरीपर्यंत शिकलेल्या बनुबाईनं प्रत्येक कागदावर वळणदार सही केली. अंगठ्याची डबी पुढं सरकवणाऱ्या कारकुनाकडं तिनं असं पाहिलं की त्यानं ती खणात ठेवून दिली. सोबतीला पाथर्डीकडचा कानिफनाथ होता, जावयाच्याच बोअरच्या गाडीवर कामाला असलेला, सुट्टी संपवून परत निघालेला. पौषातल्या थंडीत दोघं विमानात बसली.

विमानात एक गोष्ट घडली, ती बनुबाईनं गाठीला बांधून ठेवली. उतरायची वेळ जवळ आली तशी आजूबाजूच्या सगळ्या माणसांनी मनगटं वर केली आणि घड्याळाचे काटे फिरवायला लागली. कानिफनाथही फिरवायला लागला.

“काय करतूस रं?”

“घड्याळ साडेतीन तास मागं घितो, मावशी. हितली येळ येगळी.”

“मागं घेता येतं?”

“येतं की. ही कळ वडायची आन् फिरवायचं. मागं घ्या, पुढं घ्या.”

“समद्याच घड्याळाला कळ असती?”

“समद्याच.”

बनुबाईनं त्याचं मनगट धरून ती कळ जवळून बघून घेतली.

तिथून दोन दिवस जीपमध्ये. वाळू, वाळू आणि वाळू. ‘एवढी जमीन आन् कुणाचा बांध न्हाई,’ हे तिला सगळ्यात नवल वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एका उतारावरून जीप खाली वळली आणि समोर खजुरीची झाडंच झाडं. मधोमध झरा, झऱ्याभोवती मातीची पांढरी घरं. गावाचं नाव तिच्या जिभेवर काही बसेना, म्हणून तिनं आपलं त्याला खजूरवाडी ठेवलं.

गाव मोठं अजब. गल्ल्या वरून झाकलेल्या. भर दुपारी खालून चाललं तर भुयारातून चालल्यासारखं गार. त्या गल्ल्या पुरुषांच्या. बायकांचं राज्य वर, धाब्यांवर. या घराच्या धाब्यावरून त्या घराच्या धाब्यावर पायऱ्या होत्या. बाया वरूनच सगळा गाव फिरायच्या. स्वैपाक वर, निवडटिपण वर, भांडणं वर. “हे बरं हाय,” बनुबाई म्हणाली. “पुरुषांना खाली ठिवलं, म्हंजी सासू-सुनांच्या बोलण्यात त्येंची लुडबूड न्हाई.”

लोक अरब नव्हते. आपण अमाझिघ, इथले जुने, आपली भाषा निराळी, असं अभिमानानं सांगायचे. जावयानं शिकलेली अरबी बायकांपुढं लंगडी पडायची. बनुबाईला त्याची अडचण झाली नाही. शेजारच्या धाब्यावरची म्हातारी, जिला सगळा गाव मानानं लल्ला म्हणायचा, पहिल्याच दिवशी येऊन तिच्यापुढं बसली. दोघींनी एकमेकींना निरखलं. लल्लाच्या हनुवटीवर उभी हिरवी रेघ गोंदलेली, तिला बारीक फाटे, जणू खजुरीचं झाड. बनुबाईच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. लल्लानं बोट पुढं करून ठिपक्यांवर टेकवलं. बनुबाईनं तिच्या झाडावर टेकवलं. लहानपणी गोंदून घेताना कुणीतरी आपलं डोकं मांडीत दाबून धरलं होतं, हे दोघींना एकदमच आठवलं असावं. दोघी हसायला लागल्या. त्याला दुभाष्या लागला नाही.

मग चहा आला, बोटभर काचेच्या पेल्यात, एकदा, दोनदा, तीनदा. “येकदाच पेला भरून दिला आसता तर हिचे हेलपाटे वाचले आसते,” बनुबाई केशरला म्हणाली, पण तिन्ही प्याली.

माघात केशरला मुलगी झाली. लल्ला आणि बनुबाई दोघींनी मिळून सोडवणूक केली. एकीनं अमाझिघ भाषेत धीर दिला, दुसरीनं नगरी मराठीत दम दिला. केशर म्हणाली, दमानं काम लवकर झालं.

बाराव्या दिवशी बारशाला गोड भात करायचा म्हणून बनुबाई पदरात तांदूळ घेऊन धाब्याच्या कठड्याशी निवडत बसली होती. खाली झऱ्याकाठचा चौक. तिनं सहज वाकून पाहिलं आणि हातातला खडा हातातच राहिला.

भिंतीतल्या कोनाड्यात एक म्हातारा बसलेला. पुढ्यात पाण्यानं भरलेलं दगडी भांडं. त्यात तांब्याची वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला बारीक भोक असणार, कारण ती हळूहळू भरत खाली जात होती. भोवती चार-पाच माणसं स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, डोळे वाटीवर लावून गप्प उभी.

ही वाटी बनुबाईला पाठ होती. तिच्या गावात गुरवाकडं अशीच होती, घटिका म्हणायचे तिला. लग्नाच्या दिवशी घंगाळात सोडायची. चोवीस मिनिटांनी एक घटका भरली की ती बुडायची, आणि ठरलेल्या घटका भरल्या की वाजंत्री वाजायची. बनुबाईचं स्वतःचं लग्न त्याच वाटीवर लागलेलं. आता रंगनाथाचं घड्याळ आल्यापासून ती गुरवाच्या घरी मीठ ठेवायला पडली होती. लग्नावाचून ती वाटी पाण्यात पडलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती.

म्हणजे खाली लग्न लागत होतं. शेजारच्या पाहुणीला कुणी आवतण दिलं नव्हतं, याचा तिला राग आला. पण राग नंतर. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. वाटीचा काठ पाण्याला लागायच्या बेतात आला. बनुबाई उठली, पदरातले तांदूळ मूठभर घेतले आणि नेम धरून खाली टाकले. मग आणखी एक मूठ.

तांदूळ म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडले, पांढऱ्या कपड्यांवर पडले, आणि निम्मे वाटीत पडले. वाटी डुबकन बुडाली. सगळ्यांनी माना वर केल्या. नवरा-नवरी कुठंच दिसेना.

“आई, काय केलंस हे?” केशर धावत आली.

“लगीन हाय ना खाली?”

“लगीन कसलं? पाण्याची पाळी मोजत्यात. वाटी येकदा बुडली की येक गाठ मारायची. ज्याच्या जेवढ्या गाठी, तेवढं पाणी त्याच्या बागेत जातं. तू तांदूळ टाकलंस, वाटी आधीच बुडली.”

“कुणाची पाळी हुती?”

केशर लल्लाकडं बघायला लागली.

बनुबाईला धाब्यावर बसावं की खाली उडी टाकावी कळेना. साठ वर्षांत तिनं कुणाच्या वाफ्यातलं चुळभर पाणी पळवलं नव्हतं, आणि आज जिनं आपल्या लेकीची सोडवणूक केली तिचंच पाणी तोडलं. रंगनाथ काय निराळं करत होता? तो निदान पागोट्यावर तांदूळ तरी टाकत नव्हता. ती लल्लापुढं गेली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. वयानं बरोबरीच्या बाईला ती पहिल्यांदाच वाकली होती. लल्लानं कपाळावर हात मारला, आणि मग इतकी हसली की तिला कठड्याला धरून बसावं लागलं. शेजारच्या धाब्यांवरही ओरडून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळा गाव हसत होता.

खाली म्हाताऱ्यानं मात्र काहीच आरडाओरडा केला नाही. वाटी उचलली, तांदूळ निपटले, हातातल्या खजुरीच्या पातीवर या वाटीसाठी मारलेली गाठ सोडली आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली. उभ्या माणसांनी पुन्हा डोळे वाटीवर लावले. गेलेलं पाणी लल्लाला भरून मिळालं.

“ह्या म्हाताऱ्याची बाग कुठली?” बनुबाईनं जावयाला विचारलं.

“त्याला एकही झाड नाही, सासूबाई. झाड असतं तर त्याला त्या कोनाड्यात बसूच दिलं नसतं.”

बनुबाईनं पुन्हा खाली पाहिलं. आणि घास चावावा तसं ते वाक्य तिनं सावकाश चावून घेतलं.

चैत्रात ती निघाली तेव्हा लल्लानं तिला खजुराची पिशवी दिली आणि सुकलेली एक लांब पात दिली. त्या भाषेतला एकच शब्द बनुबाई शिकली होती, अमान. अमान म्हणजे पाणी. तोच तिनं निरोपाला म्हटला. लल्लाला त्यातून सगळं पोचलं.

घरी येऊन तिनं लुगडंही बदललं नाही. आधी मळ्यात गेली. नववी ओळ पिवळी, दहावीत दोन झाडांच्या नुसत्या काड्या. ओट्यावर रंगनाथ बसलेला. तिनं खजूर पुढं ठेवला आणि खजूरवाडीची वाटी सांगितली.

“आपुनबी तसं करू. गुरवाची घटिका हाय. चार तास म्हंजी दहा घटका. दहा गाठी तुमच्या, दहा आमच्या.”

रंगनाथानं खजुराची बी थुंकली आणि घड्याळ बघितलं. “वैनी, मानूस चंद्रावर जाऊन आला, आन् तुमी वाटी घिऊन बसा. आता लग्नंसुदिक माज्या घड्याळावर लागत्यात.”

“बरं,” बनुबाई म्हणाली. बनुबाई भांडली की घर निवांत असायचं. ती ‘बरं’ म्हणाली की छगन कामाचं निमित्त काढून मळ्याकडं सटकायचा.

वैशाखात रंगनाथाच्या बन्सीचं लग्न निघालं. एकुलता एक पोरगा, मुलगी कोपरगावकडची, मुहूर्त गोरज. दारात मांडव पडला. दुपारी बनुबाई करवल्यांना हळदीची भांडी काढून देत होती, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात रंगनाथ गुरवाच्या कानाशी लागलेला तिला दिसला.

“घटिका धुऊन आण बाबा. पोराचं लगीन हाय, येळ इकडची तिकडं व्हाया नगं.”

बनुबाई हातातलं भांडं घेऊन तशीच पुढं आली. व्याही बसले होते, भावकी बसली होती. तिनं आवाज जरा चढवला. “भाऊजी, घड्याळ बंद पडलं का काय?”

“चालू हाय की.”

“मंग घटिका कशापायी?”

रंगनाथानं व्याह्यांकडं पाहिलं. त्यांच्यापुढं शहाणपण दाखवायची संधी त्यानं सोडली नाही. “वैनी, शुभकार्याला जुनं तेच खरं. घड्याळ मानसाच्या हातातलं. वाटीचं तसं न्हाई, ती कुनाची भीड धरत न्हाई.”

व्याह्यांनी मान डोलावली.

“आसं म्हनता?” बनुबाई म्हणाली. “सगळ्यांनी आयकलं बरं का.”

संध्याकाळी घटिका बुडाली, वाजंत्री वाजली. बनुबाईनं अक्षता टाकल्या. या खेपेला आधी नवरा-नवरी नीट बघून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची पाळी होती. इंजिन सुरू व्हायच्या आधी विहिरीवरच्या निंबाखाली एक घंगाळ आलं, त्यात घटिका, आणि घंगाळापाशी गुरवाची म्हातारी आई, दगडाबाई. हातात लल्लानं दिलेली खजुरीची पात. दगडाबाईच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तुळशीपलीकडं तिला कुणालाच पाणी घालायचं नव्हतं. बनुबाई स्वतः घंगाळापासून दहा हात लांब बसली आणि तिनं हाताची घडी घातली.

एक घटका, एक ओळ. पाणी आठव्या ओळीच्या शेवटाला लागलं, आणि रंगनाथ बाही वर सारत आला.

“छगन, बंद कर. चार तास झाले.”

“दगडाबाई, किती गाठी झाल्या?” बनुबाईनं बसल्या जागेवरनं विचारलं.

“आठ.”

छगनचा हात इंजिनाकडं गेला होता, तो अर्ध्यात थांबला. रंगनाथानं घड्याळ पाहिलं, घंगाळ पाहिलं. “वाटीचं भोक बुजलं आसंल. मिठात पडून व्हती.”

“आसंल की,” बनुबाई म्हणाली. “मंग परवा बन्सीच्या लग्नालाबी बुजलेलंच आसंल. म्हंजी पोरगं भलत्याच येळंला बोहल्यावर हुबं राह्यलं म्हनायचं. मुहूर्त टळला म्हना की.”

रंगनाथाची बायको मागून आली होती. तिनं हात जोडले. “जाऊबाई, आसं वंगाळ बोलू नगा.” मग ती नवऱ्याकडं वळली, “आवो, तुमी गप बसा की. भोक चांगलं हाय.”

“तिकडं इमानात,” बनुबाई पुढं म्हणाली, “सगळ्यांनी माज्या देखत कळ वढून काटं फिरवलं. समद्याच घड्याळाला कळ असती म्हनं. वाटीला कळ कुठं हाय ते मला दावा, मी आत्ता इंजिन बंद करती.”

रंगनाथ घंगाळापाशी उकिडवा बसला. खरोखरच बघत बसला. वाटीत पाणी चढत होतं, त्याच्या मिशीकडं न बघता, त्याच्या मनगटाकडं न बघता. ती बुडाली. दगडाबाईनं नववी गाठ मारली. पुढच्या वेळी ती बुडाली तेव्हा बनुबाईच उठून मळ्यात गेली होती. दहाव्या ओळीतल्या वाळलेल्या आळ्यात पाणी बुडबुडे काढत शिरत होतं. शेवटच्या झाडाच्या बुडाशी ते पोचेपर्यंत ती उभी राहिली, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या मातीला हात लावून घेतला.

मग पाळी रंगनाथाची. दगडाबाईनं पातीचं दुसरं टोक धरलं आणि पहिल्यापासून गाठी मारायला सुरुवात केली. बनुबाई जेवायलाही घरी गेली नाही. आठव्या गाठीला छगन चुकून उठला, तर तिनं त्याला खाली बसवलं. “काकाच्या दोन बाकी हाईत. त्येचंबी पानी कुनी तोडायचं न्हाई.” दहाव्या गाठीला रंगनाथाचा गहू काढलेल्या रानातला भुईमूग पुरता भिजला. त्याला जेवढं लागत होतं तेवढं मिळालं होतं. आजवर जास्तीचं कुठं जात होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

इंजिन बंद झालं. रंगनाथाची बाही सवयीनं वर गेली आणि अर्ध्यात थांबली. बनुबाई लुगड्याची माती झटकत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

“भाऊजी, घड्याळ झ्याक हाय. तुमच्या सासऱ्यानं मायेनं दिलंय, मनगटावर शोभतं, ते तितंच ऱ्हाऊ द्या. लेकाच्या लग्नाला जे चाललं न्हाई, ते माज्या पेरूलाबी चालायचं न्हाई. आजपासून पानी दगडाबाईच्या वाटीनं, तुमचंबी आन् माजंबी. आन् बहर आला म्हंजी पयला पेरू दगडाबाईला, दुसरा तुमाला. पर तो मी कापून आनून देईन. तुमी मोजाया बसला, तर माज्या वाट्याला नुसता देठ यायचा.”